दम धरा म्हणू नका

आमी मूळचे गंगाखेडकडचे, गोदावरीच्या काठचे, पण आमच्याकडं तिला गोदावरी कुणी म्हणत न्हाई, गंगाच म्हणतेत. बापाची मेंढरं होती. माय मी लहान असतानाच गेली, तिचा चेहरा मला नीट आठवत बी न्हाई, आठवतो तो अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिनंच मला वाढवलं. रडायला लागलो का ती पाठीवर हात ठेवून म्हणायची, दम धर मारोत्या, दम धर, म्हणजे थांब जरा, सगळं हुईल. तिचं लग्न पालमकडं झालं, अन् पुढं बाप गेला, मेंढरं गेली, तवा दाजींनी, म्हणजे अक्काच्या मालकानं, मला आपल्या घरी ठेवून घेतलं. शाळा आठवीतच सुटलेली. घरात एक तोंड वाढलं तर माणूस कधीतरी बोलून जातो, पण दाजी एका शब्दानं बोलले न्हाईत. हे आधी सांगायलो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय.

बापाची एक गोष्ट सांगतो. मेंढरं घेऊन नदी ओलांडायची म्हणजे उतार बघावा लागतो. उतार म्हणजे जिथं पाणी उथळ हाय, खाली वाळू हाय, पाय टेकत टेकत पलीकडं निघता येतं ती जागा. बाप उतार ठरवताना धिप्पाड एडक्याकडं बघायचा न्हाई. लंगडी मेंढी कोणती, कोवळं कोकरू कोणतं, ते बघायचा, अन् त्यांच्या पायाला झेपंल तिथंच कळप घालायचा. मी म्हणायचो, आबा, इथून गेलो तर लवकर हुईल. तर म्हणायचा, लवकर कुणाला जायचंय, सगळ्यांला जायचंय.

मालवणला मी गेलो ते खानावळीत भांडी घासायला, ओळखीतल्या एकाच्या संगं. पालम कुठं अन् मालवण कुठं. समुद्र पहिल्यांदा बघितला तवा, काय सांगू तुमाला, मला आनंद न्हाई झाला, भ्या वाटलं. पलीकडचा काठच दिसंना. म्हणलं, ह्याला उतार कुठं हुडकायचा. खानावळीच्या समोर बाबी तांडेलची होडी लागायची. तांडेल म्हणजे होडी चालवणारा. पर्यटकांच्या पाठीला हवेचा सिलेंडर बांधायचा, तोंडात नळी द्यायची अन् पाण्याखाली मासे दाखवून आणायचे, ते स्कूबा म्हणतेत तो त्यांचा धंदा. नदीकाठचा हाय म्हणून तांडेलनं मला सिलेंडर उचलायला घेतलं, मंग पोहणं पक्कं करून घेतलं, मंग रीतसर शिकायला पाठवलं, परीक्षा द्यायला लावली. आठवीतनं सुटलेल्याला कोण पुढं शिकवतं, सांगा बरं. अजून बी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडल्याशिवाय मी पाण्यात पाय टाकत न्हाई.

आता माझं काम काय, तर आलेल्या लोकांना कुठं उतरवायचं ते सकाळी ठरवायचं, अन् मंग एकेकाला खाली न्यायचं. लोकांना वाटतं एवढा समुद्र पडलाय, कुठं बी उतरा. तसं नसतं. वारा कोणीकडून हाय, लाट खडकाच्या कोणत्या अंगाला फुटायलीय, खाली पाणी ओढायलंय का, हे बघावं लागतं. पाणी गढूळ झालं अन् आपलाच हात आपल्याला दिसंना, तर नवा माणूस घाबरतो. खाली वाळू पायजे, गुडघे टेकून बसता आलं पायजे, वर होडीपर्यंत दोरी पायजे. मासे लय शेवटी. आमच्याकडं लांब एक खडकांची रांग हाय, तिथं मासे असे की लग्नातली वरात निघालीय, पण तिथं खोली हाय अन् ओढ कधी लागंल सांगता येत न्हाई. अन् काठाजवळ एका खडकाच्या आडोशाला वाळूची जागा हाय, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढंच पाणी, मासे थोडे, पण शांत. नवे लोक असले का मी ती धरतो. तरी सगळे वर येईपर्यंत मला चहा बी जात न्हाई. बाबी तांडेल हसतो, म्हणतो मारोती, तू मासे दाखवतस की पोरां राखतस.

तर गेल्या हिवाळ्यात गावाकडची जीपभर माणसं आली. दाजी, अक्का, दाजींचा दोस्त बालाजी, त्याचं पंक्चरचं दुकान हाय, अन् भावकीतली दोघं तिघं. दाजी गंगेत पोहण्यात लय नामी माणूस. डोहात बुडी मारली का वर येतच नसतेत, काठावरचे बेजार होतेत, अन् मंग हे भलतीकडंच डोकं काढून हसायलेत. त्यांच्या दमाची आमच्याकडं चर्चा असते. बालाजीचं उलटं, ओढ्याला पाणी दिसलं का गाडी माघारी फिरवणारा माणूस.

दाजींनी मोबाईलवर त्या लांबच्या खडकाचा व्हिडिओ बघून ठेवलेला. मला दाखवून म्हणले, इथं न्यायचं आमाला. मी तांडेलकडं बघितलं, तो म्हणला, थंय, म्हणजे तिथं, आज पाणी ओढता. मी दाजींना म्हणलं, जवळच जाऊ, तिथं वाळू हाय, आडोसा हाय. दाजी सगळ्यांसमोर हसले. म्हणले, अरे मारोती, गंगेत वाढलेल्या माणसाला तू डबक्यात बसवायलास, आमी काय म्हशी हाव का. भावकीतला एक म्हणला, मेव्हण्याला मेव्हण्याचाच भरोसा न्हाई बघा. बालाजी बिचारा म्हणला, मला म्हैसच समजा, मी डबक्यात खुश हाय.

सगळे हसले, मला हसू येईना. कारण काय, ह्या माणसाचं मी मीठ खाल्लेलं. त्यांनी काही मागितलं अन् मी न्हाई म्हणलं, असं आयुष्यात झालं नव्हतं. आमच्यात दाजीला न्हाई म्हणत बी न्हाईत. अक्काकडं बघितलं तर ती पदर सावरत समुद्राकडंच बघायलेली. माझ्या मनात एकच, ह्या माणसाला काही झालं तर मी तिला काय तोंड दाखवू, अन् पुन्हा गावात पाय कसा ठेवू. मी खाली बघूनच बोललो, दाजी, तिकडं न्हाई जायचं. ते म्हणले, बरं, तुझं राज्य हाय इथं. ते बोलणं मला लागलं, पण होडी जवळच्याच जागेला लागली.

उतरायच्या आधी सगळ्यांना समजावून सांगितलं. नळीतनं सारखा श्वास घ्यायचा अन् सोडायचा, कवाच कोंडायचा न्हाई. पाण्याखाली घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते, कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटतं, पाणी थोडं असलं तरी. सगळ्यांनी माना हलवल्या. माझं ध्यान बालाजीवर, बापासारखं लंगड्या मेंढीवर. बालाजीला आधी नेलं, त्यानं माझा हात असा आवळला की बोटं दुखली, पण बुडबुडे सोडत सोडत गेला अन् मासे बघून डोळे मोठे करून आला. मला वाटलं, झालं, अवघड माणूस पार पडला.

मंग दाजी. त्यांनी नळी तोंडात धरली, पाण्यात शिरायलेत, तेवढ्यात होडीतनं अक्काचा आवाज आला, अहो, दम धरा, घाई करू नका, दम धरा. मायेनंच म्हणली ती. मी बी ऐकलं, पण त्या शब्दावरच तर मी वाढलेलो, मला त्यात काही वेगळं ऐकूच आलं न्हाई.

खाली वाळूवर टेकलो. दाजी डोळे मिटून शांत, साधूसारखे. मला बरं वाटलं. अन् मंग ध्यानात आलं की बुडबुडे न्हाईत. माझे वर चाललेत, त्यांचे न्हाईत. नळीत हवा हाय, दाजी घेईनात. गंगेतली सवय अन् वरून बायकोचा शब्द, त्यांनी खरंच दम धरला होता. छाती फुगलेली, तसे ते वाळूवरून उचलायला लागले, डोळे उघडले अन् वर जायला पाय मारला. मी पट्टा धरला, दुसऱ्या हातानं दोरी धरली. ते माझ्यापेक्षा अंगानं दुप्पट. मी माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर नेलं, मोठ्ठे बुडबुडे सोडून दाखवले, त्यांच्या छातीवर थापटलं, पुन्हा सोडून दाखवले. अक्का माझ्या पाठीवर थापटायची तसंच थापटलं असंल. अन् मंग भसकन त्यांच्या तोंडातनं हवा सुटली, पुन्हा आत गेली, पुन्हा सुटली. तसेच बसून राहिलो, दोघं समोरासमोर. एक बारका पिवळा मासा मधून गेला, दाजींनी त्याच्याकडं बोट केलं.

वर आल्यावर कुणालाच काही कळलं नव्हतं. दाजी टॉवेल गुंडाळून बसले. मंग मला हळूच म्हणले, तिकडं लांब नेलं असतं तर. मी म्हणलं, तिकडं दोरी बी लांब असती अन् ओढ बी. ते म्हणले, हं. एवढंच.

त्या दिवसापासून मी लंगडी मेंढी तर बघतोच, पण पट्टीचा पोहणारा कोण ते आधी विचारतो, अन् होडीत दम धरा म्हणू देत न्हाई. दाजी आता ताडकळसच्या बाजारात सांगतेत की आमी समुद्राच्या पार बुडाला जाऊन बसलो होतो. मी गप बसतो. त्यांनी मला एवढी वर्षं गप बसून सांभाळलं, मी एवढं बी करू नये का.

पावसाळ्याचे चार महिने तिकडं धंदा बंद असतो, म्हणून हिकडं अक्काकडं आलेलो. आता उद्या निघायचं. निघताना अक्का फाट्यापर्यंत येते, एसटी हलायला लागली का खिडकीतनं माझा हात धरून तेच म्हणायची, दम धर रे, लांबचा मुलूख हाय. तिला दाजींनी सगळं सांगितलंय. परवा बालाजीची बहीण सासरी निघाली, तर तिला म्हणायला अक्कानं तोंड उघडलं अन् शब्द गिळला. जरा इचार केला अन् म्हणली, दम घेत जा गं, दम घेत जा. उद्या मला बी तेच म्हणंल बगा. म्हणू द्या, चांगलंच हाय ते.