रफिकच्या पिस्तुलाची गोधडी

पिस्तुलातलं मला काय कळतं, असं म्हणायच्या आधी हे ऐका. शारजात, अल मजाजला आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचा रफिक राहतो. एका बड्या शेठचा बॉडीगार्ड, पिस्तूल शर्टाखाली लपवलेलं. एकदा पिस्तूल ऑफिसात जमा करून नुसतं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेला लावायचं कव्हर, घेऊन माझ्याकडे आला.

“मावशी, बसलो की हे असं टोचतं, हात सारखा कमरेला जातो. शेठ म्हणाला, लपवलेलं पिस्तूल सगळ्या दुबईला दाखवतोस! आता हात गेला तर खलास, नोकरी गेली.”

“लावतोस कुठे?”

त्याने कमरेच्या हाडावर बोट ठेवलं.

“अरे शहाण्या, चाळीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा कमरेला वागवलाय मी. हाडाच्या मागे सरकव!”

शिवण मला कुणी शिकवलेलं नाही. जुन्या नऊवारीची चौपदरी गोधडी करून होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला शिवली, पिस्तुलाच्या जागी खलबत्त्यातला बत्ता घातला आणि दिवसभर स्वतः कमरेला लावून हिंडले.

नात ओरडली, “आजी, यू लुक डेंजरस!”

“आहेच,” म्हटलं.

आठ दिवसांनी रफिक पुन्हा दारात. “मावशी, घोटाळा झाला! हात कमरेला जाईचना, तर शेठ घाबरला. म्हणे, पिस्तूल घरी विसरलास? आणि मावशी, मलापण तसंच वाटलं! आम्ही दोघं गाडीच्या सीटखाली शोधत होतो.”

मी होल्स्टर हातात घेतलं आणि गोधडीत दोऱ्याची एक जाड गाठ मारून दिली. आठवणीपुरतं टोचलंच पाहिजे.