डबी कधी रिकामी होऊ दिली नाही

—आणि हे सहावं. झालं, संपलं, याच्यापुढे एकही चर्च नाही, शपथ. बसा, फादर. ती खुर्ची नको, तिचा मागचा पाय नुसता दाखवायला आहे, या बाकावर बसा. फादर म्हटलेलं चालतं ना? नावाने हाक मारा म्हणताय—नाही बाई, ते माझ्याच्यानं नाही व्हायचं. आधीच्या पाद्रीबुवांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला कॉलिन म्हणा, आणि मग अकरा वर्षं आम्ही त्यांना काहीच म्हटलं नाही, नुसतं 'अहो'. गेले बिचारे. वारले नाहीत हो, बदली घेऊन गेले, समुद्रकाठी, एकच चर्च आणि तेही सपाट रस्त्यावर. त्याला आता दोन वर्षं आठ महिने झाले. तेव्हापासून इथली वॉर्डन, म्हणजे चर्चची कारभारीण, म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात. हेस्टर पिंचबेक, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे शाबूत, गाडी स्वतःची. गाडीत तुम्ही वरचं हँडल धरून बसला होतात ते पाहिलं मी. सगळे धरतात.

घ्या ना. मनुकांचा ब्रेड आहे, त्याच्यावर चीजचा तुकडा ठेवून खायचा—हां, असा. आमच्या लिंकनशायरमध्ये तो दुसऱ्या कशाबरोबर खाल्लात तर या ऑल्डवेल गावात कुणी तुमच्या प्रवचनाला बसायचं नाही. चेष्टा करते हो. बसतील. तुम्ही काहीही बोललात तरी बसतील, वाटल्यास टेलिफोनच्या वहीतली नावं वाचून दाखवा. मी हे बोलायला नको होतं, नाही का? जरा ऐटीत राहा, हेस्टर, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं, गरजू दिसू नकोस म्हणून.

आमचं माहितीपत्रक वाचलंत? खरंच वाचलंत? चौदाच्या चौदा पानं? देव तुमचं भलं करो. सहा गावांनी मिळून ते लिहिलं, आठ बैठका झाल्या, त्यातल्या तीन बैठका फक्त कुठल्या गावाचं नाव आधी यावं याच्यावर. आणि मग पाद्री कसा हवा त्याची यादी! वय कमी हवं पण अनुभव तीस वर्षांचा हवा, लहान मुलांत रमणारा हवा—मुलं मोजून चार आहेत आमच्याकडे, आणि त्यातली दोन जुळी—म्हाताऱ्यांकडे बसणारा, शेतीतलं कळणारा, मेंढ्यांना न भिणारा, उत्तम वक्ता पण दहा मिनिटांत आटपणारा. विनोदबुद्धी असावी असं मी घालायला लावलं. ती सर्वांत जास्त लागते म्हटलं. पहिल्या जाहिरातीला दोन अर्ज आले. एक नापसंत झाला—हसू नका, तेव्हा आम्ही नापसंत करत होतो! नाक वर होतं आमचं. दुसरा आला, तिसऱ्या चर्चपर्यंत ठीक होता, चौथ्याच्या दारात त्याच्या बायकोला रडू फुटलं. दुसऱ्या जाहिरातीला एकच अर्ज, त्यानेही मुलाखतीच्या आधी मागे घेतला. आणि आता तिसरी. पुढच्या शुक्रवारी मुदत संपते. किती आले म्हणून विचारू नका. विचारताच आहात तर सांगते—शून्य. म्हणून परवा तुमचा फोन आला ना, 'नुसतं बघून जातो' म्हणालात, तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसले. जमिनीवर. आणि उठल्याबरोबर सहाही चर्चांचं पितळ घासायला घेतलं.

तुम्हाला वाटत असेल, सगळी मिळून पाच मैलांच्या आतली गावं, मग सगळ्यांनी एकाच चर्चला का जमू नये? बिशपसाहेबांच्या हाताखालचे आर्चडीकनही येऊन हेच विचारतात, जसं काही आम्हाला हे सुचलंच नव्हतं. जमवून पाहिलं, फादर. महिन्यात पाचवा रविवार आला की सगळ्यांची एकत्र उपासना. मागच्या खेपेला मेअरहोमला ठेवली. स्किन्डलबीची माणसं आली, वेळेवर आली, गाड्या फाटकाशी लावल्या—आणि गाडीतून उतरलीच नाहीत. का? तर म्हणे एकोणीसशे बासष्ट साली मेअरहोमने त्यांची पायपेटी एका लग्नापुरती नेली ती परत दिली नाही. अहो, ती पेटी उंदरांनी कधीच खाल्ली, ते नवराबायकोही गेले! पण नाही. काचा खाली करून तिथूनच गीतं म्हणाली. चांगली म्हणाली, तेही सांगते, आतल्यांपेक्षा सुरात. तर असे आम्ही लोक. ज्याला त्याला आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच बाकावर, आपल्याच आजोबांच्या नावाच्या फरशीवर पाय ठेवून बसायचंय. यात वाईट काय आहे सांगा मला? मी याच बाकासमोर बाप्तिस्मा घेतला, याच दारातून आईला बाहेर नेलं. पाच मैलांवर दुसरं चर्च आहे याचा मला काय उपयोग?

आता सांगूनच टाकते, कारण हे माहितीपत्रकात नाहीये. आर्चडीकनांचं पत्र आलंय. सप्टेंबरअखेर पाद्री मिळाला नाही तर सहातली चार सणापुरती उघडायची. नाताळ, ईस्टर, सुगीची उपासना, कुणाचं लग्न किंवा मयत. बाकी वर्षभर कुलूप. आणि कुठली चार ते ठरवणार उपस्थितीची वही बघून—जिथे प्रभुभोजन चुकलं ते चर्च गेलं. म्हणून म्हणते, बघा, ही आमची वही बघा, उघडा ना, पानं उलटा. प्रत्येक चर्चला महिन्यातून आपापल्या ठरल्या रविवारी प्रभुभोजन. एक नाही चुकलं. दोन वर्षं आठ महिने, पाद्री नाही, बर्फ पडला, पूर आला, मला खोकला झाला—एकसुद्धा नाही.

कसं म्हणजे?

कसं काय—सगळीकडे करतात तसंच. बिशपसाहेबांचं परवानगीचं पत्र आहे माझ्या नावाचं, फ्रेम करून लावलंय. भाकर, म्हणजे पिठाच्या त्या छोट्या पातळ चकत्या, पाद्रीनेच आधी पवित्र करून ठेवायची, भिंतीतल्या त्या छोट्या कपाटात कुलपात, आणि मी नुसती वाटायची. आमचे कॅनन टकवेल यायचे ना दर महिन्याला, शहाऐंशी वर्षांचे, निवृत्त पाद्री, पण उभे राहिले की ताठ. एका दिवसात सहा चर्चांना महिनाभर पुरेल एवढी भाकर पवित्र करून जायचे, मी डबीत भरून ठेवायची. फार प्रेमळ माणूस, इथेच बसायचे, तुमच्याच जागेवर, चीज जास्त खायचे. आता? आता मुलीकडे असतात डेव्हनला. पडले, कंबरेचं हाड मोडलं. नोव्हेंबरात.

हो. जून आहे हा.

असं बघू नका हो माझ्याकडे. कपाटाकडेही बघू नका. मी आर्चडीकनांच्या कचेरीत फोन केला होता, 'कुणीतरी पाठवतो' म्हणाले, मग परत केला, 'बघतो' म्हणाले, मग ख्रिस्तजन्माची तयारी तोंडावर आली आणि डबीत अकरा चकत्या उरल्या. अकरा! आणि रविवारी मेअरहोम, तिथे चौदा माणसं नक्की येणार. मी इथेच उभी होते, या टेबलाशी, नव्या चकत्यांचं पाकीट फोडलेलं. आणि मला वाटलं—हसाल तुम्ही—माझी आई ब्रेड करायची ना, ती कालच्या आंबलेल्या पिठाचा गोळा राखून ठेवायची, तो नव्या पिठात मिसळला की सगळं पीठ फुगून यायचं. म्हटलं, पवित्रपणाचंही तसंच असेल. अकरा त्या आहेत, त्यांच्यात शंभर या मिसळल्या, रात्रभर एका डबीत राहिल्या, तर काय फक्त त्या अकराच पवित्र राहतील? देव काय एवढा मोजून मापून देतो? म्हणून मी डबी कधी रिकामी होऊ दिली नाही. दहाबारा उरल्या की वरून ओतायच्या. न कळायला काय झालं मला? बासष्ट वर्षं प्रभुभोजन घेतेय मी. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं की मी साधी चकती देतेय आणि 'प्रभूचं शरीर' म्हणतेय. डोळे मिटून हात पुढे करतात हो लोक. ओंजळ करतात. त्या ओंजळीत मी ठेवतेय. सात महिने, सहा गावं.

लबाडी आहे ही, माहितीये मला. पण एका रविवारी थांबले असते तर त्या वहीत रेघ पडली असती, आणि त्या रेघेवर त्यांनी कुलूप लावलं असतं. तुम्ही असता तर काय केलं असतंत? नाही, सांगू नका. तुम्ही फोन केला असता. पुन्हा केला असता, जाऊन दारात बसला असता. मीही करायला हवा होता. पण परत फोन केला की ते विचारणार, मग इतके दिवस काय केलंत, हेस्टर? तेवढ्यासाठी नाही केला. आणि मार्चमध्येही नाही केला.

मार्चमध्ये एडविन गेला. एडविन मॉल्टबी, आमचा घंटा वाजवणारा, येताना दाखवलं त्या चिंचोळ्या घरातला, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. पोटाचा कॅन्सर. शेवटच्या आठवड्यात बायकोला म्हणाला, हेस्टरला बोलाव, मला प्रभुभोजन हवंय. लाउथमध्ये पाद्री आहे, फादर, चांगला पाद्री, पस्तीस मिनिटांत आला असता. मी फोनजवळ गेले. हात लावला. आणि डबी घेऊन गेले. त्याला गिळवत नव्हतं, मी चकतीचा एवढासा तुकडा पाण्यात बुडवून जिभेवर ठेवला, आणि तो म्हणाला, 'आता जायला हरकत नाही.' त्याच्या बायकोने, रोझमंडने, माझा हात हातात घेतला. अजून प्रत्येक रविवारी घेते. म्हणते, तू होतीस म्हणून त्याला ते मिळालं. काय मिळालं त्याला? पाकिटातली चकती मिळाली. मला झोप येत नाही हो. खोटं कशाला बोलू, चर्च वाचावं म्हणून पाद्री हवाच आहे, पण मला—मला स्वतःलाच पाद्री हवाय. कुणीतरी खरा माणूस येऊन ती डबी माझ्या हातातून काढून घ्यावी एवढंच हवंय मला.

गाडी चार दहाची आहे, मी सोडते स्टेशनवर, हळू चालवीन. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही नुसतं बघायला आला होतात.

काय?

अर्ज कराल? या इथे? हे सगळं ऐकून? पुन्हा म्हणा. अहो, अर्ज करणारे तुम्ही एकटेच, म्हणजे झालंच ते, मुलाखतीत तुम्ही नुसते जागे राहिलात तरी—थांबा, मला रुमाल सापडत नाहीये. एडविनचं काही अडलं नाही म्हणता? देव डबीत बघून देत नाही? ते तुम्ही म्हणा, फादर, तुम्हाला शोभतं. मला नाही म्हणता यायचं. पण ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण काय? एक अट म्हणजे?

कुणाला सांगायचं? सगळ्यांना? सहाही गावांत? बिशपसाहेबांना सांगते ना मी, उद्याच सांगते, हवं तर पत्र लिहून देते, पण—आधी त्यांना का? ज्यांच्या ओंजळीत ठेवलं त्यांना आधी. आणि तुम्ही नाही सांगणार. मीच. तुम्ही येण्याआधी. खोट्यावर बसून तुम्हाला सुरुवात करायची नाही... बरोबर आहे. बरोबर आहे हो, कुणी चूक म्हणतंय? पण ते मला दारात उभं करणार नाहीत परत! स्किन्डलबीवाले बासष्टची पेटी विसरले नाहीत, ते मला विसरतील? आणि बाकीच्यांचं सोडा. रोझमंड? रोझमंडला मी कोणत्या तोंडाने सांगू? तिच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही, तो शांतपणे गेला एवढंच आहे तिच्याजवळ. दुसरी कुठलीही अट घाला. माझं वॉर्डनपद घ्या. मी गाव सोडून जाते. पुढच्या आठवड्यात सांगितलं तर नाही चालणार? थोडं मन तयार करून, आधी तिच्याशी—

श्श. फाटक वाजलं.

तीच आहे. या शनिवारी फुलं लावायची पाळी तिची. खिडकीतून बघू नका, दिसाल. स्वीट पीची फुलं आणलीत, एडविनच्या बागेतली, ती अजून वाफे राखते त्याचे. ऐका फादर, तुम्ही बाहेर जा. या मागच्या दाराने. हो, आत्ता, तुमचा कोट घ्या. नाही, बसू नका, मदत करू नका, तुम्ही इथे असलात तर मी तुमच्याकडे बघून बोलेन आणि ते बरं नाही. ब्रेड हातात घ्या, कबरींमधून जरा फेरी मारा. गाडी चुकली तर चुकू दे, साडेसहाची आहे दुसरी. जा म्हणते ना! आणि जाताना दार ओढून घ्या.