रावजीसाठी दुसरा शब्द

...बरं, रोज सकाळी फोन! "गंगाधर, गावला का रे सबूद?" शब्द म्हणजे काय खळ्यात हरवलेली कोंबडी आहे? तुम्हाला सांगतो, माणसानं मित्र कुणीही करावा, वार्ताहर करू नये! हा आमचा रावजी, तुडीलचा. आमच्या महाडच्या साप्ताहिकात उभा जन्म गावोगावच्या बातम्या लिहिल्या. मागच्या आठवड्यात छातीत दुखलं, खाट धरली. मी भेटायला गेलो, तर हात धरून म्हणतो काय? "मी गेलो की बातमी तू लिवायची. पन हळहळ नको रे, दुसरा सबूद बघ! आख्ख्या पंचक्रोशीची हळहळ मीच लिवलीय. तिच्यात काय हाय नि काय नाय, मला ठावं हाय!"

घ्या! हळहळ नको म्हणे! मग काय घालू, जल्लोष?

बसलो आपला वाचनालयात जुने अंक घेऊन. पुरात भिजलेले, उन्हात वाळवलेले, पान उलटलं की पापड मोडल्यासारखा आवाज. आणि जिथं बघावं तिथं आमचा रावजी! सरपंच वारले, पंचक्रोशीत हळहळ. कुडपणला बैल कड्यावरून गेला, पंचक्रोशीत हळहळ. पोलादपूरचा संघ कबड्डीत एका गुणानं हरला, हळहळ! आणि ते वऱ्हाड... वीर स्टेशनात उतरायचं, तर सगळे गाढ झोपलेले, नवरदेवासकट थेट रत्नागिरी! इकडे मांडवात अक्षता वाटून झालेल्या... काय लिहावं यानं? दोन्ही गावांत हळहळ!

मग आणखी मागं गेलो, रावजीच्याही आधीच्या अंकांत. तिथं तुम्हाला सांगतो, मजाच वेगळी. 'साळूबाईंच्या आंब्याचा मोहोर धुक्याने गळाला, आम्हांस फार हळहळ वाटते.' वाटते! संपादकाला, स्वतःला! पुढं पुढं ती नुसतीच 'व्यक्त' व्हायला लागली. वाटायची कधी थांबली, ते काही त्या अंकांत कुठं छापलेलं नाही.

दुपारची वेळ, वर पंखा, पुढ्यात पिवळी पानं... लागला डोळा. आणि बघतो तर काय, सावित्री नदीच्या काठानं सगळे चाललेत! पुढं कुडपणचा बैल, घंटा वाजतेय किणकिण... मागं सरपंच, धोतराचा सोगा धरून... मग नवरदेव, मुंडावळ्या सांभाळत... कबड्डीवाली पोरं, गुडघ्यांना माती... कुणाला घाई नाही. पाण्यावर धुकं, त्यात मोहोराचा वास... इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! आणि सगळ्यांच्या मागं रावजी. खिशाला पेन. "रावजी! अरे, थांब!" वळेचना. धुकं वाढत गेलं, पाठ दिसेना... शब्द गेला उडत, मला रावजी हवा होता!

"सर, ओ सर! कुलूप लावायचंय!" वाचनालयाच्या गीताबाई. उठलो, डोळे पुसले, बाहेर येऊन जी रिक्षा दिसली तिच्यात बसलो. "तुडील!"

तर हा पडवीत! मांडी घालून! पुढ्यात फणस! "ये, ये. डाक्टर बोलला, काय नाय, वात हाय. गरा घे."

गरा बाजूला सारला मी. म्हटलं, "मरायला निघाला होतास ना? नाही सापडला शब्द! तू गेलास तर मला कुठं जावंसं वाटणार नाही, कुणाशी बोलावंसं वाटणार नाही, चहासुद्धा गोड लागणार नाही. ह्याला काय शब्द घालू? सांग!"

हातातला गरा हातातच. नदीकडे बघत हळूच म्हणाला, "तसंच लिव की मंग."

मी रुमाल शोधायला लागलो. तेवढ्यात हा पाठीवर थाप मारून म्हणतो, "नि तू तुझी काळजी करू नको, मास्तर. तुझी बातमी मी गेल्या साली छापखान्यात देऊन ठेवलीय. नुसती तारीख घालायची ऱ्हायलीय!"

...त्यात शब्द कुठला घातलाय, विचारलं नाही मी. गपचूप गरे खाल्ले आणि घरी आलो.