जाळीतली रानवेल

ती वेल नाही देणार मी, ताई. नाही हो, संपली म्हणून नाही — संपली असती तर सोनंच झालं असतं! कुंपण झाकायचंय ना तुम्हाला? मग जाई घ्या. जरा दमानं चढेल, पण माणसात राहील. ती बया म्हणजे बोट दिलं की हात धरणारी. आमच्या मागच्या टेकडीवर पहिल्यांदा फुलली, तेव्हा आमचे हे मला मुद्दाम बघायला घेऊन गेले होते — भुललो की आम्हीसुद्धा! आणि बघता बघता सगळी झाडं तिच्याखाली गेली. ऊन मिळेना, फांद्या वाळल्या, ढोल्यांची तोंडं बुजली. पोपट घिरट्या घालून घालून गेले, ते गेलेच.

आणि फुलपाखरांचं तर बोलूच नका. ती मोठी काळी, लाल ठिपक्यांची — त्यांच्या अळ्या एकाच वेलीचा पाला खातात. इथलीच रानवेल, ना रूप ना रंग. ही पाहुणी बया नेमकी तिच्या भावकीतली. वास तोच, पानं जवळजवळ तशीच. फुलपाखरू फसतं, हिच्यावर अंडी घालून जातं. अळ्या बाहेर येतात, दोन घास खातात आणि मरतात. आईनं आपलं चांगलं बघूनच ठेवलेलं असतं हो त्यांना — तिला काय माहीत?

आमचे हे घड्याळजी. दुकान बंद केलं, पण डोळ्याचं भिंग सुटलं नाही. ते लावून पानं उलटीपालटी करून बघायचे, हिच्यावरची अंडी पानासकट काढून रानवेलीला दोऱ्यानं बांधायचे. मी म्हणायची, 'पोटच्या पोराचा लंगोट कधी बदलला नाहीत, आणि यांची बाळंतपणं करताय!' नुसते हसायचे. मग कोयता घेऊन या बयेच्या मागे. तरी टेकडीवरच्या रानवेली एकेक करून दबल्याच. एक तेवढी राहिली, आमच्या शेडवरची. तिला यांनी जाळी लावली, तान्ह्या पोराला मच्छरदाणी लावावी तशी.

हल्ली जरा — वय झालं की होतंच, नाही का? चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. मला विचारतात, 'बाई, आपण कुणाकडे आलात?' तेही इतक्या अदबीनं! उभ्या जन्मात माझ्याशी एवढ्या अदबीनं बोलले नव्हते. पण वेल तोडायचं विसरत नाहीत हं. डॉक्टर म्हणतात, कोयता काढून घ्या. मुलगाही फोनवर तेच म्हणतो. फोनवर काय जातंय त्याचं! मी नाही काढून घेतला. तेवढंच तर उरलंय त्यांच्यापाशी.

पंधरा दिवसांपूर्वी — जाऊ दे. हे रोप बघा, कळ्या धरल्यात याला. — त्या सकाळी घामाघूम होऊन आले. चेहरा कसा उजळलेला, कित्येक महिन्यांत बघितला नव्हता तसा. म्हणाले, 'संपवली गं. मुळासकट. आता एक राहिली नाही.' मागे जाऊन बघते, तर जाळी नीट घडी करून ठेवलेली, शेड उघडीबोडकी, आणि खाली रानवेलीचा ढीग. अळ्या होत्या हो त्याच्यावर, चांगल्या गुबगुबीत. खात होत्या अजून. त्यांना कुठं कळलंय!

'छान केलंत,' म्हटलं. पाणी दिलं. हात धुतले त्यांचे, चीक निघता निघेना. ते झोपल्यावर मुळं परत मातीत पुरली, तुकडे पाण्यात ठेवले. जन्मभर रोपं जगवण्याचाच धंदा माझा — पण नाही धरला तिनं जीव. आणि काल एक फुलपाखरू आलं, शेडभोवती फिरफिर फिरलं, मग टेकडीकडे गेलं. त्या बयेकडेच, दुसरं आहे कोण आता? हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, 'बघ, आली की नाही फुलपाखरं परत?' मी म्हटलं, हो, आली.

— फाटक वाजलं. आले वाटतं. ही जाई धरा ताई, पैशांचं राहू द्या. त्या वेलीचा शब्द काढू नका त्यांच्यासमोर, पाया पडते. — या हो, आत या. या बाई होय? कुणी नाही, पत्ता विचारायला थांबल्या होत्या. सांगितला मी. निघाल्याच त्या.