टायपिस्टची एक जागा

"दुसऱ्याची प्रगती पाहून माणसाला आनंदच झाला पाहिजे," बियाणं कंपनीच्या बाकावर मुलाखतीसाठी बसलेले पुंजाराम टायपिस्ट शेजारच्या संपतला म्हणाले. तेवढ्यात बेबीनंदा दाराशी चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत गेली.

"तुमचीच विद्यार्थिनी ना, सर?"

"बोटं कुठं ठेवायची तेबी मीच दाखवलं. आता वळख न्हाई देत."

"नमस्कार केला की तिनं!"

"घाईत केला."

"हात लई साफ हाये म्हणतेत तिचा."

"कॉम्प्युटरवर चुकलं की पुसता येतंय. आमच्या मशीनवर चुकून दाखव म्हणावं."

"मंग तुमीबी शिका की कॉम्प्युटर."

"चपला काढून? मी काय देवळात नोकरी मागून राह्यलो?"

बेबीनंदा बाहेर आली.

"लागलीस का, बाई?"

"जागाच रद्द झाली, सर. साहेब आता पत्रं सोताच टाइप करतेत."