हाताला लागेल असं

ताई : इथली दोरी कुठाय?

धाकटा : कसली दोरी? तू आधी आत ये. चपला बाहेरच काढ, फरशी आत्ताच पुसलीय. आता सांग, आईची तीच खोली वाटते का? तेवढीच जागा, पण आता चार माणसं मांडी घालून बसतील.

ताई : खाटेपासून बाथरूमच्या दारापर्यंत दोरी होती. ती कुठाय, विचारतेय.

धाकटा : ती कपडे वाळत घालायची? तोडून टाकली. कमरेएवढ्या उंचीवर कोण दोरी बांधतं गं? कपडे जमिनीला लोळणार.

ताई : कधी पाहिलेस तिच्यावर कपडे?

धाकटा : ... नाही. पण घराचा कचरा झाला होता, ताई. प्रत्येक खिळ्याला पिशवी, खाटेखाली गाठोडी. मी गावभर लोकांच्या घरात कपाटं ठोकत फिरतो, इंच वाया जाऊ देत नाही, आणि आईच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. म्हटलं, ती दवाखान्यात आहे तोवर करून टाकू. गिऱ्हाईकं ओरडतायत, ओरडू देत. हे बघ, खाट भिंतीत गेली. दिवसा उचलून लावायची. हे सगळे डबे एका मापाचे.

ताई : तिला दिसत नाही रे.

धाकटा : माहितेय की. अंधुक दिसतं. म्हणून तर डब्यांवर एवढी ठळक अक्षरं रंगवली. चहा, साखर, मीठ. आणि हा दिवा बघ, लग्नाच्या मांडवासारखा लख्ख.

ताई : अंधुक नाही. काहीच दिसत नाही. दिवस आहे की रात्र, तेही उन्हाच्या चटक्यावरून कळतं तिला.

धाकटा : काहीतरीच काय? ती पडली त्याच्या आधीच्या रविवारी आलो तर दारातच म्हणाली, भुसा झटकून ये.

ताई : लाकडाचा वास येतो तुझ्या अंगाला.

धाकटा : वाळलास, म्हणाली.

ताई : त्याआधी पाठीवरून हात फिरवला होता की नाही?

धाकटा : ... फिरवला होता. पण चहा ती स्वतः करते. एक थेंब सांडत नाही. मी समोर बसून बघतो ना.

ताई : कारण चहाचा डबा पोचा पडलेला होता. साखर रुंद तोंडाच्या बरणीत आणि मीठ मातीच्या. नजर जातेय कळल्यावर ती वर्षभर डोळे गच्च मिटून या खोलीत फिरत होती. आपटायची, कपाळाला टेंगूळ यायचं, परत उठायची. खिळान् खिळा तिने हाताला लागेल असा मारून घेतला. पाठ केलीय रे तिने ही खोली.

धाकटा : मला का नाही सांगितलंत?

ताई : तुला कळलं असतं तर त्याच दिवशी उचलून स्वतःच्या घरी नेली असतीस. तिने मला शपथ घातली. म्हणाली, डोळे गेले ते गेले, पण आपला चहा आपल्या हाताने व्हावा, कुणाला हाक मारायची वेळ येऊ नये. तिचं दुसरं काही मागणंच नाही.

धाकटा : मी तिचा मुलगा आहे, ताई. तिने माझ्यापासून लपवलं?

ताई : रुसायला वेळ नाही आता. हे तिला घेऊन निघालेत दवाखान्यातून.

धाकटा : दाजींना फोन कर. म्हणावं, थोडं फिरवून आणा.

ताई : कंबर मोडलेली बाई, फिरवून आणा? लाव सगळं परत होतं तसं. जुने डबे काढ.

धाकटा : भंगारात दिले.

ताई : अरे देवा. फोन लाव त्याला.

धाकटा : लावतो. ... हॅलो, मी सुतार बोलतोय, परवा डबे दिले होते ना? ... हो, तेच. मिळतील का परत? ... बरं. ... बरं. ... काल गाडी भरून पुढे गेला म्हणतो माल.

ताई : ही साखरेशेजारची बरणी कसली?

धाकटा : धुण्याचा सोडा. मापाची होती म्हणून रांगेत बसवली.

ताई : आणि तिने चहात घातला तर?

धाकटा : काढतो. काढली, ही बघ काढली. चहा कुठे असायचा? उजवीकडे की डावीकडे? तू सांग, मी ठेवतो.

ताई : मला नाही ठाऊक.

धाकटा : असं कसं? तू तर आठवड्याला येतेस.

ताई : तिने मला काही ठेवूच दिलं नाही कधी. मी भांडी घासायची, जागेवर ती लावायची. खिळे मार निदान. जुनी भोकं असतील ना?

धाकटा : लांबी भरून बुजवली. वर रंग दिला. कुठे होती ते आता माझं मलाही सापडायचं नाही, इतकं साफ काम केलंय.

ताई : खाट तरी खिडकीशी घे.

धाकटा : ती कपाटाला जोडलीय. खाट काढली तर कपाट खाली येईल. तोडू का? सांग, तोडतो. ताई, बोल ना काहीतरी. काय करू मी?

ताई : रडू नकोस. दोरी बांध. मिळेल ती दोरी घे आणि बांध.

धाकटा : कशाला बांधू? इकडचं टोक कुठे अडकवू? खाटच नाही ना जागेवर.

ताई : थांब. गाडी आली वाटतं.

(दाराशी वॉकरचा आवाज.)

आई : सोडा हो जावईबापू. इथवर आणलंत, पुष्कळ झालं. आता घरी आले, इथून माझं मला जाता येतं. हे धरायचं लोढणंही ठेवा बाजूला.

ताई : आई, हळू. मी येते.

आई : तू बस. दवाखान्यातलं ते कोमट पाणी पिऊन जीव विटलाय. सगळ्यांसाठी चहा टाकते ... रंगाचा वास येतोय का?

ताई : आई, जरा थांब.

आई : इथे माझी ... बरं. आणि इकडे ... बरं, बरं. धाकटा आलाय ना? लाकडाचा वास आहे.

धाकटा : आहे, आई. इथेच आहे.

आई : हे सगळं तू केलंस?

धाकटा : हो.

आई : एकट्याने?

धाकटा : हो, आई.

आई : छान दिसतंय हो. किती मोकळं दिसतंय ... जरा हात दे रे मला. कंबर अजून दुखते ना, म्हणून म्हणते.