सखूबाई ग्रीसला निघाल्या

"नामांतराचा मोर्चा आहे, लेकरू घेऊन बाहेर पडू नकोस," शेजारीण म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं आणि बाळासह बसस्टँडवर अडकले. मुंबईची बसही खोळंबली होती. शेजारच्या बाकावर लासूरकडचे मेंढपाळ मुंजाबा बायकोला, सखूबाईंना, त्या बसवर पोहोचवायला येऊन बसले होते. कंपनीनं त्यांच्या मुलाला ग्रीसला पाठवलेलं. त्यानं दोघांनाही तिथला समुद्रकिनारा फिरायला बोलावलं होतं.

"अवो, चला की तुमीबी."

"अन् मेंढ्या? ऐन विण्याचा हंगाम हाय."

"तिथंबी डोंगरावर लई मेंढ्या हायेत म्हनं."

"मंग नीट बघून ये. काय चरतेत, लोकर कशी हाय."

"अन् समुद्र?"

"त्योबी बघ. जुना किल्लाबी हाय म्हनं. आपल्या दौलताबादपेक्षा मोठा निघाला तर मला सांगू नको."

"काळी मेंढी तुमाला हात लावू देत नाय. पिलू उपाशी मरंल तिचं."

"म्हनून तर म्हनतो, तुझं जुनं लुगडं मला ठिव. ते पांघरून बसलो की तिला वाटंल, तूच हायेस."

"खुंटीला हाय. धुतलेलं नाय पन."

"बरं केलंस."

"मेंढीचं झालं की परत खुंटीला ठिवा."

"बघू."

मोर्चा पुढे गेला, बस हलली. सखूबाईंनी खिडकीतून मलाच हाक मारली, "बाई, ह्यांना भाकर थापता येत नाय वो!"

तान्ह्या बाळाला घेऊन मला लासूरला जाणं जमेना. तुम्ही तिकडं गेलात, तर मुंजाबांकडे जरा डोकावाल का? जेवले का, एवढं विचारा.